दाढेतलं पाणी

चांगुणाबाई कडूने खुर्चीत बसून तोंड उघडलं, तेव्हा तिच्या दाढेत काय निघणार हे मयुरीला आधीच ठाऊक होतं. यंत्राला चार मिनिटं लागणार होती, मयुरीला तेवढीही लागली नाहीत. तरी तिने हातमोजे चढवले, यंत्राची बारीक नळी गालाच्या आत सरकवली आणि म्हणाली, "हलू नकोस हं मावशी. मुंगी चावल्यागत होईल."

"चावू दे," मावशी उघड्या तोंडानेच म्हणाली आणि हसायला गेली, तशी नळी निसटली. पुन्हा लावावी लागली.

बाहेर उन्हात रांग उभी होती. ढवळमाळ म्हणजे घाटाच्या वरचं, दुष्काळी पट्ट्यातलं उघडंबोडकं माळरान. तिथे पत्र्याच्या खोल्यांची छावणी, आणि छावणीच्या शाळेतल्या पहिलीच्या वर्गात हे यंत्र मांडलेलं. माणसं एकेक करून आत यायची, फळ्याकडे पाठ करून बसायची, आ करायची आणि हातात एक चिठ्ठी घेऊन बाहेर पडायची. चिठ्ठी हिरवी असेल तर ढवळमाळावर घरापुरती जागा, कायमची. पिवळी असेल तर महिनाअखेरच्या बसने दुसऱ्या छावणीत, आणि तिथून पुढे कुठे, ते पुनर्वसन खात्याच्या साहेबांनाही सांगता येत नव्हतं.

चांगुणामावशीची चिठ्ठी पिवळी निघाली.

या दोघींचं नातं रक्ताचं नव्हतं. मयुरी भोपी आठ वर्षांची असताना तिची आई गेली. बाप मिठागरावर राबायचा, भाऊ जगदीश तेव्हा बारावीच्या वर्गात. रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन दारात येणारी चांगुणा एक दिवस पाटी उतरवून आत आली, पोरीच्या डोक्यातल्या जटा बघितल्या आणि म्हणाली, "इकडं बस गो." तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून मयुरीची वेणी तिने घातली, आजारपणं तिने काढली, आणि मयुरी पेणला रसायनशास्त्र शिकायला निघाली तेव्हा डब्यात जवळ्याची चटणीही तिनेच भरली. आता मयुरी सदतीस वर्षांची होती आणि मावशी बहात्तरची.

गाव त्यांचं तिवरखार. खाडीच्या कुशीत, मातीच्या बांधाआड वसलेलं. भरतीला समुद्र जमिनीच्या वर असायचा आणि बांध आहे म्हणून गाव आहे, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. उंचवट्यावर वरचा पाडा, तिथे तळं आणि भातशेती. खाली धक्क्याजवळ बंदरपाडा, तिथे होड्या आणि जाळी. मयुरी वरच्या पाड्याची, चांगुणा बंदरपाड्याची. दोन्ही पाड्यांचं आपसात फारसं पटायचं नाही, पण लग्नाकार्यात एकमेकांवाचून भागायचंही नाही. मग समुद्र चढत गेला. दरवर्षी बोटभर, दोन बोटं. माणसं बांध वाढवत राहिली, आणि एका भादव्यातल्या उधाणाने तो अकरा ठिकाणी फोडला. आत आलेलं खारं पाणी पुन्हा बाहेर गेलंच नाही.

एकशे एकाहत्तर कुटुंबं ढवळमाळावर आणून उतरवली गेली. मासे मारणारी, भात लावणारी माणसं जिथे ज्वारीसुद्धा खुरटून येते अशा ठिकाणी. आणि ढवळमाळाच्या मूळ लोकांचं तरी काय सुखात चाललं होतं? त्यांचं एक तळं, ते माघातच तळ गाठायचं. पहिल्या उन्हाळ्यात नळावर भांडणं झाली, दुसऱ्या उन्हाळ्यात दगड आले. एक दिवस दोन तरणी पोरं गेली, एक त्यांचं, एक यांचं. दोन्ही प्रेतं एकाच टेम्पोतून तालुक्याला न्यावी लागली, कारण दुसरी गाडी नव्हती.

त्यानंतर तह झाला. ढवळमाळाचा सरपंच निवृत्ती शेंडगे समोर येऊन बसला. धिप्पाड, मेंढरांमागे आयुष्य गेलेला माणूस. म्हणाला, "समुद्रानं ज्येंचं गाव गिळलं त्येंला जागा द्यायला आमी न्हाय म्हनत न्हाय. पन पानी न्हाय म्हनून हिंडनारी सगळ्या रानातली मानसं तुमच्या नावानं आत शिरली, तर आमी कुठवर पुरायचं? समुद्राचं कोन आन रानातलं कोन, ते आदी निवडा." कागदपत्रं तर खाडीत गेलेली. म्हणून हे यंत्र आलं आणि यंत्राबरोबर मयुरी आली. मुंबईच्या प्रयोगशाळेत तिने याच कामात बारा वर्षं घालवली होती. आपल्या माणसांच्या उपयोगी पडावं म्हणून तिने ही नेमणूक मागून घेतली होती.

यंत्राची गोष्ट अशी. पाण्यात आणि मातीत स्ट्रॉन्शियम नावाचा एक धातू अगदी किंचित असतो. त्याचे अणू एका जातीचे असले तरी काही जड, काही हलके, आणि जड किती अन् हलके किती हे प्रमाण जागेजागेला वेगळं असतं. सह्याद्रीच्या काळ्या कातळातून झिरपलेल्या पाण्यात जड अणू कमी, समुद्राच्या पाण्यात जास्त. फरक तिसऱ्या दशांशाच्या घरातला, पण यंत्राला तो लख्ख दिसतो. शरीराला हा धातू आणि चुन्यातलं कॅल्शियम यांत फरक कळत नाही. कॅल्शियम समजून शरीर हा धातू हाडात आणि दातात भरून टाकतं. हाडं आयुष्यभर बदलत राहतात. दातावरचं कडक कवच मात्र एकदा तयार झालं की झालं. त्यात रक्त नाही, दुरुस्ती नाही. सहाव्या वर्षी जी पहिली मोठी दाढ येते, तिचं कवच हिरडीच्या आत तिसऱ्या वर्षापर्यंतच पुरं झालेलं असतं. म्हणजे मूल तीन वर्षांचं होईतो जे पाणी प्यालं, जी पेज खाल्ली, त्याचा ठसा मरेपर्यंत त्याच्या तोंडात राहतो. यंत्राचा किरण सुईच्या टोकाएवढी धूळ उडवतो आणि तो ठसा वाचतो.

हे सगळं मयुरीने साहेबांना नकाशे लावून समजावलं होतं. छावणीतल्या लोकांना एवढं कुठे सांगत बसायचं? त्यांच्यासाठी तिने एका ओळीचा फलक केला आणि वर्गाच्या दारावर चिकटवला: "दाढ सांगते तुमचं जन्मगाव." ओळ सोपी होती, लोकांना आवडली, आणि ती खोटी होती. यंत्र गाव वाचत नव्हतं, पाणी वाचत होतं. मयुरीला तेव्हा ही चूक एवढीशी वाटली.

पहिले तीन दिवस वरच्या पाड्याचे लोक आले. एकजात हिरव्या चिठ्ठ्या. तळ्यात खाडीचं पाणी झिरपायचं, भात खारजमिनीतलं, सगळ्यांच्या दाढेत समुद्र पुरेपूर. चौथ्या दिवशी बंदरपाडा सुरू झाला. पहिलाच आलेला विठोबा कडू, उभा जन्म होडीत काढलेला माणूस, आणि यंत्र म्हणालं, काळा कातळ. मयुरीने नळी पुसून पुन्हा लावली. काळा कातळ. त्याच्या मागे त्याची बहीण, मग शेजारी, मग शेजाऱ्याचा मुलगा. चौघांच्याही चिठ्ठीवर यंत्राने जवळचा परिसर छापला: सागडोंगर, पूर्व उतार.

आणि मयुरीच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

बंदरपाड्याच्या विहिरी खाऱ्या होत्या. मोठी माणसं तसलंच पाणी पीत, पण तान्ह्या पोराला ते पाजायचं नाही अशी त्या पाड्याची रीत होती. मूल जन्मलं की त्याच्या मामाने होडी काढायची, खाडी ओलांडून सागडोंगराच्या झऱ्यावर जायचं आणि हंडे भरून आणायचे. त्याला बाळपाणी म्हणत. त्याच फेरीत डोंगरातल्या लोकांना सुकी मासळी द्यायची आणि पोराच्या पेजेसाठी नाचणी घ्यायची. हे कधीपर्यंत? तर पोराला पहिली मोठी दाढ येईपर्यंत. दाढ दिसली की मामाने भाच्याच्या तोंडात खाडीच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि म्हणायचं, आता तू बंदरचा झालास. पुढे गावात नळ आला तरी ही रीत सुटली नव्हती. नऊ वर्षांची मयुरी स्वतः चांगुणाच्या भावाबरोबर त्या होडीत बसून गेली होती, हंड्यावर फडकं धरून.

समुद्राच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या माणसांच्या दाढेत समुद्र नव्हता, तो असा. आणि उपायही साधा होता. अक्कलदाढेचं कवच आठव्या-नवव्या वर्षानंतर तयार होतं, ती वाचली की झालं. नियम पहिल्या दाढेचा होता, कारण ती बहुतेकांना असते. नियम बदलायला साहेबांना एक पत्र लिहायचं होतं, बस.

त्या दुपारी तिने जेवताना जगदीशला सांगितलं. जगदीश आता सत्तेचाळीसचा, गावच्या पुनर्वसन समितीचा अध्यक्ष. त्याने भाकरीचा घास तसाच ताटात ठेवला.

"हे आणखी कुणाला बोललीस?"

"नाही अजून. उद्या साहेबांना लिहिणार."

"लिही. आणि शेंडग्यांना काय सांगशील? यंत्र समुद्राच्या माणसाला डोंगरातला म्हणतं, आम्हीच तसं कबूल करतो? म्हणजे उद्या ते म्हणणार, मग हिरव्या चिठ्ठ्या तरी खऱ्या कशावरून. सगळं मोडलं मयुरी. पुन्हा दगड. पुन्हा टेम्पो बोलवायचा का?"

"पण दादा, बंदरपाड्याची चौतीस घरं आहेत."

"आणि जागा आहेत एकशे चाळीस, कुटुंबं एकशे एकाहत्तर. कुणीतरी जाणारच होतं." त्याने घास पुन्हा उचलला. "बांध फुटला त्या दिवशी माती टाकायला बंदरपाड्याचे किती जण आले होते, आठवतंय?"

मयुरीला आठवत होतं. ते आले नव्हते, कारण ते होड्या घेऊन माणसं काढत फिरत होते. काढलेल्यांत जगदीशची दोन मुलं होती. हे ती बोलली नाही. तिने जेवण संपवलं, हात धुतले आणि दुपारच्या पाळीला वर्गात जाऊन बसली. ती गप्प राहिली ती शांततेसाठी, असं तिने स्वतःला समजावलं. ते अर्धंच खरं होतं. बाकीचं अर्धं असं की वरच्या पाड्याच्या सगळ्यांना जागा मिळत होती, आणि सगळ्यांत तीही होती. शिवाय आपण आणलेलं यंत्र पहिल्याच आठवड्यात हसं व्हावं, हेही तिला नको होतं.

सहाव्या दिवशी चांगुणामावशी येऊन त्या खुर्चीत बसली, ती अशी.

पिवळ्या चिठ्ठ्यांवरून बंदरपाड्यात आरडाओरडा झाला. वरच्या पाड्याने यंत्र विकत घेतलं, असं काही जण म्हणाले. ढवळमाळाचे लोक म्हणाले, बघा, एका डोंगरातली अख्खी टोळीच घुसली होती, बरी सापडली. चांगुणामावशी मात्र या कुठल्याच बाजूला गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मयुरीच्या खोलीवर आली, पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली आणि सतरंजीवर पसरली.

"मना वाचून दाखव. सागडोंगर लिवलंय ना?"

"हो."

"आपल्या खाडीपल्याडचा?"

"तोच."

मावशीने त्या अक्षरांवर बोट ठेवलं. मग हळूहळू बोलायला लागली. "माज्या आयेला नऊ वरसं मूल नव्हतं. लोकं काय काय बोलायची तिला. मंग एकदम मी झाले. मी लहान असताना एक म्हातारी मना बोलली व्हती, तुजी आय डोंगराव गेली आन तुला घेऊन आली. मना वाटलं चेष्टा करते. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांचं मना ठाव नाय, पन माजं आता बग, यंत्रच बोलतंय." तिने डोळे पुसले. "म्हंजे मी तिची नाय गो. कुनाच्या तरी पोटची उचलून आनली मना तिनं. आन इतकी वरसं मी तिच्या नावानं दिवा लावते."

मयुरीला एक वाक्य बोलायचं होतं. मावशी, ते पाणी आहे, बाळपाणी, बाकी काही नाही. पण ते वाक्य मावशीला सांगणं म्हणजे संध्याकाळपर्यंत बंदरपाड्याला सांगणं, आणि उद्यापर्यंत ढवळमाळाला.

"यंत्र चुकतं का गो कधी?" मावशीने विचारलं.

"नाही," मयुरी म्हणाली. यंत्र खरोखर चुकलं नव्हतं, एवढ्या आधारावर तिने हे उत्तर दिलं.

"मंग झालं," मावशी म्हणाली आणि चिठ्ठी पुन्हा पदराला बांधली. जाताना सवयीने मयुरीच्या केसांवरून हात फिरवला. मयुरी तिथेच बसून राहिली. आपण किती हलकट आहोत हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि तरीही ती उठून मागे धावली नाही.

बस निघाली तेव्हा बंदरपाड्याच्या बायकांनी फोडलेला टाहो वर्गात ऐकू आला. मयुरी खिडकीशी गेली नाही. नंतर कळलं की घाट उतरल्यावर चांगुणाबाई मधेच उतरून गेली. ड्रायव्हरला म्हणाली, माझी माणसं या डोंगरात आहेत, मी शोधते.

जागांची वाटणी झाली, आखणी झाली, चुना पडला. भोपींना कडुनिंबाजवळची जागा मिळाली. आणि एका सकाळी निवृत्ती शेंडगे मयुरीचे आभार मानायला आला. बरोबर खव्याचे पेढे आणले होते. खुर्चीवर न बसता खालीच ऐसपैस बसला आणि यंत्राकडे कौतुकाने बघत म्हणाला, "मॅडम, एक इचारू का? हसू नगा. ह्ये यंत्र नेमकं वाचतंय काय?"

"जन्मगाव," मयुरी सवयीने म्हणाली.

"त्ये फलकावर वाचलं म्या. पन दाढंला गाव कसं कळंल? साहेब बोलता बोलता बोलून गेलं की पान्यावरनं कळतंय. आता आमच्या गावच्या हिरी आटल्या तवा पाच वरसं आमी टँकरचं पानी प्यालो. टँकर यायचा धरनावरनं, साठ मैलावरनं. त्या पाच वरसांत जी पोरं जल्मली, त्येंच्या दाढंत काय निघंल? आमी का टँकर?"

तो आपल्याच बोलण्यावर खो खो हसला. मयुरीला हसता येईना. गेले पंधरा दिवस जे दाबून धरलं होतं ते या साध्या माणसाच्या साध्या प्रश्नाने वर आलं, आणि तिने त्याला सगळं सांगितलं. झरा, हंडे, मामा, नाचणी, चौथा दिवस. जगदीशचं नाव तेवढं घेतलं नाही. आता हा उठेल, बाहेर जाऊन ओरडेल आणि संध्याकाळी दगड येतील, अशी मनाची तयारी करून ती थांबली.

शेंडगे उठला नाही. पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"मंग ती मागली दाढ बघा की," तो म्हणाला. "त्येला काय लागतंय?"

"तुमचे लोक ऐकतील?"

"का न्हाई ऐकायचे? पान्यासाठी काय काय करावं लागतं ते आमच्या मानसांस्नी कुनी शिकवायला पायजे व्हय? तान्ह्या लेकरासाठी खाडी वलांडून पानी आनायचे म्हनता. म्या सांगतो त्येंला." जागांचं काय, असं मयुरीने विचारलं तेव्हा तो थोडा विचार करून म्हणाला, "गायरानातला तुकडा काढू. मेंढरं जरा लांब जातील." मग दाराशी जाऊन वळला. "पन मॅडम, ह्ये तुमी पैल्याच दिशी बोलला असता तर चौतीस घरांची मानसं गाडीत बसली नसती. आमाला तुमी काय राक्षस समजला व्हय?"

तो रागाने बोलला नव्हता, त्याला खरंच वाईट वाटलं होतं. ज्या दंगलीच्या भीतीने मयुरी गप्प बसली होती, ती दंगल त्या माणसाने दोरी गुंडाळता गुंडाळता मिटवली. फक्त विचारायचा अवकाश होता, आणि तिने कधी विचारलंच नाही.

पुढच्या दोन दिवसांत बस उलटी फिरली. अक्कलदाढा वाचल्या गेल्या, सगळ्यांत समुद्र निघाला. ज्यांना अक्कलदाढाच नव्हत्या त्यांना शेंडग्यांनी गावाच्या साक्षीवर घेतलं. जगदीश बहिणीशी बोलेनासा झाला. बंदरपाड्याच्या लोकांनी मयुरीला पेढे भरवले, कारण तिनेच सत्य शोधून काढलं असं त्यांना सांगण्यात आलं होतं. तिने ते पेढे खाल्ले. मग छावणीची जीप मागून घेतली आणि सागडोंगराची वाट धरली.

डोंगरातली वस्ती म्हणजे दहा-बारा घरं. चांगुणामावशी एका अंगणात बसून नाचणी पाखडत होती. शेजारी दामा नावाचा ऐंशीचा म्हातारा विडी ओढत होता. त्याच्या आईने एक पोर कुणाला तरी दिल्याचं तो लहानपणी ऐकून होता. मावशी चिठ्ठी घेऊन दारात आली तेव्हा तो म्हणाला होता, असशीलही. एवढ्यावर तिला घरात कोपरा मिळाला होता.

मयुरीला बघून मावशीचा चेहरा फुलला. "आली गो माजी बाय. दादा, ही मयुरी, मी सांगत व्हते ती. बस, पानी पी."

मयुरी उभ्याउभ्याच बोलली. बसली असती तर धीर सुटला असता. यंत्र गाव वाचत नाही, पाणी वाचतं. तू मामाने आणलेलं बाळपाणी प्यालीस, ते दाढेत राहिलं. तू बंदरपाड्याची आहेस. तुझ्या आईच्याच पोटची आहेस. अक्कलदाढ वाचल्यावर सगळ्यांचं खरं निघालं, तुझी जागा ठेवलेली आहे, मी न्यायला आलेय.

मावशीच्या हातातलं सूप थांबलं. ती काही बोलायच्या आत दामाच म्हणाला, "म्हंजी ही आमची न्हाई?"

"नाय रे दादा," मावशी म्हणाली. "तुमच्या झऱ्याचं पानी प्यालेय, तेवडीच."

"प्यालीस ना? मंग ऱ्हा की."

मावशीने त्याच्याकडे बघून मान हलवली. मग मयुरीकडे वळली. "तुला कवा समजलं ह्ये?"

आताही खोटं बोलता आलं असतं. परवा समजलं म्हटलं असतं तर मावशीने विश्वास ठेवला असता, आनंदाने ठेवला असता. "चौथ्या दिवशी," मयुरी म्हणाली. "तू आलीस सहाव्या."

"म्हंजे मी तुज्या खोलीव येऊन रडले, तवा तुला ठाव व्हतं."

"हो."

मावशीने सुपातली नाचणी डब्यात ओतली, झाकण लावलं, सूप भिंतीला टेकवलं. आत जाऊन आपलं गाठोडं घेऊन आली. दामाच्या पाया पडायला वाकली, तर त्याने पाय मागे घेतले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मयुरीने जीपचं पुढचं दार उघडून धरलं होतं. मावशी मागच्या सीटवर जाऊन बसली.

घाट चढताना मयुरी आरशातून तिच्याकडे बघत होती. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मावशी नुसती खिडकीबाहेर बघत होती. तिसऱ्या वळणावर खाली खाडी दिसायला लागली, तशी ती म्हणाली, "थांबव."

मयुरीने जीप बाजूला घेतली. मावशी उतरून कठड्यापाशी गेली. खाली जिथे तिवरखार होतं तिथे पाण्याचा एकच सपाट पट्टा होता, डोंगराच्या पायथ्यापासून थेट समुद्रापर्यंत. बांध दिसत नव्हता. विजेचे दोन खांब तेवढे वर होते, तेही कुठले ते ओळखू येत नव्हतं.

"सतरा दिवस," मावशी म्हणाली. "सतरा दिवस मी माज्या आयेला चोर बोलले. दुसऱ्याचं पोर उचललंस, माज्या खऱ्या आयेला रडवलंस, असं रोज मनात बोलले तिला. दिवा नाय लावला. त्या बिचारीनं माज्यासाठी नऊ वरसं नवस केलेले."

मयुरीला रडू फुटलं. "माझं चुकलं मावशी. सगळं माझंच चुकलं."

"तुजं तू बग," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "मना आयेची माफी मागायची हाय. धक्क्याजवल तिला चितेव जालली. तुजी नजर चांगली हाय. धक्का कुठं व्हता, दाखव मना."

मयुरीने डोळे पुसले आणि खाली बघितलं. डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे. वरचा पाडा कुठे संपायचा, तळं कुठे होतं, होड्या कुठे लागायच्या, काही म्हणता काही ओळखू येईना. अंदाजाने कुठेही बोट दाखवलं असतं तरी मावशीने हात जोडले असते.

"नाही सांगता येत, मावशी," ती म्हणाली.

मावशीने जोडायला उचललेले हात खाली घेतले. मग ती जीपमध्ये, मागच्याच सीटवर, जाऊन बसली.